सांगलीतलं फिश टँकचं दुकान: सेवा झकास, पण मागच्या रांगेचे दोन स्टार कापले

पाचपैकी तीन स्टार देतीये आणि हे वाचून दुकानाची नेहमीची गिऱ्हाईकं माझ्यावर चिडणार हे मला माहितीये, कारण फिश टँकसाठी एवढं स्वच्छ आणि एवढं समजावून सांगणारं दुकान सांगलीत दुसरं शोधूनच काढावं लागेल. तरी तीनच. दोन कशाचे गेले ते खाली लिहिलंय, लांबलंय जरा पण वाचा. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मागच्या रांगेत जे दिसलं ते या एकट्याच दुकानात मिळतं असं नाही, हा माल सगळीकडेच मिळतोय आणि उगाच एकाला धरून बडवण्यात अर्थ नाही.

आधी चांगलं ते सांगते. मुलाला सुट्टीत फिश टँक पाहिजे होता, दोन फुटी, त्याच्या मित्राकडे आहे तसा. दुकान गावात आहे, पूर आला की ज्या गल्ल्यांत पहिल्यांदा पाणी शिरतं त्यातल्या एका गल्लीत (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). आत पाय टाकला की पहिली गोष्ट म्हणजे वास येत नाही. ज्यांनी अशी दुकानं पाहिलीयेत त्यांना कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे ते. काचा आतून पुसलेल्या, तळाला घाण साचलेली नाही, एकही मेलेला मासा कोपऱ्यात तरंगत नव्हता. नवीन आलेला माल वेगळ्या टाक्यांत ठेवतात, त्यावर मार्करने तारीख टाकलेली असते आणि थोडे दिवस गेल्याशिवाय त्यातला मासा मागितला तरी देत नाहीत. मी मागून बघितला, नाही दिला.

कामाला एक पोरगं आहे, वीस-बावीसचं असेल, ते तर हिराच. आमच्या चिरंजीवांनी गोल्डफिश आणि त्याच टाकीत एक निळा फायटर मागितला, तर त्याने सरळ नाही म्हणून सांगितलं. "ह्येला थंड पाणी लागतंय, त्येला कोमट, आन् वर ह्यो त्येची शेपटी फाडतोय, कशाला पैशे घालवताय ताई." काचेचं गोल भांडं मागणाऱ्या एका बाईंना पण त्याने तसंच परत पाठवलं, त्यात मासा गुदमरतो म्हणून. गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान! मला तर पाणी बोअरचं का नळाचं हे विचारून, नळाचं असेल तर क्लोरीन घालवायला काय करायचं, टाकी मासे घालायच्या आधीच नेऊन फिल्टर चालू करून का ठेवायची, म्हणजे माशाच्या घाणीतला अमोनिया खाणारे जिवाणू त्या स्पंजात आधी तयार व्हायला पाहिजेत नाहीतर पहिल्याच आठवड्यात मासे मरतात, हे सगळं त्याने न कंटाळता सांगितलं. मासे देताना पिशवीत थोडंच पाणी आणि वर सिलेंडरचा ऑक्सिजन भरून, रबर दोनदा आवळून दिलं. पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवायची, दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की मगच सोडायचं. दर पण ठीक, स्टँड, झाकण, फिल्टर आणि लाईट धरून ऑनलाइनपेक्षा थोडं महाग पडलं पण काच फुटली तर बदलून कोण देणार आहे ऑनलाइनवाला. इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता मागची रांग.

पोरगं गप्पी पकडत होतं तेवढ्यात मुलगा मागे गेला आणि ओरडला, आई इकडे ये मगर आहे. मागे अंधारात मोठ्या टाक्या आहेत, वर चिठ्ठी लावलीये 'मॉन्स्टर फिश'. अरवाना, ऑस्कर, एका टाकीत काळे-पांढरे 'शार्क' आणि शेवटच्या टाकीत बोटभर लांबीचे, पाण्याच्या वरच्या थराला आडवे, अजिबात न हलणारे पाच-सहा मासे. ह्यांना दुकानात मगर फिश म्हणतात, नाव आहे अ‍ॅलिगेटर गार. वाळकी काटकी पाण्यावर पडलीये असंच वाटतं पहिल्यांदा. जवळ जाऊन बघितलं तर पाठीवरून थोबाडापासून शेपटीपर्यंत एक फिक्कट पट्टा, बाजूने तपकिरी ठिपके, आणि थोबाड लांबुळकं चपटं, मिटलं तरी दात बाहेर दिसतात. पोराने आम्हाला दाखवायला म्हणून त्यात एक गप्पी सोडला. गप्पी बिचारा इकडून तिकडे फिरतोय आणि तो गार शेपटीजवळचे पंख फक्त थरथरवत हळूहळू त्याच्या बाजूला सरकतोय, समोरून नाही हां, बाजूने, आणि मग नुसतं डोकं एकदा आडवं फिरवलं. झालं. गप्पी दातांत आडवा. मग त्याला दोन-तीनदा चावत चावत फिरवून डोक्याकडून आत घेतला. आमचे चिरंजीव खूश, म्हणे हाच पाहिजे. २५० रुपयाला एक, दोन घेतले तर ४००.

मी गल्ल्यावरच्या काकांना विचारलं की काका हा केवढा होतो. म्हणाले टाकीएवढा होतो. हे उत्तर मी फार ठिकाणी ऐकलंय, मासा टाकी बघून वाढतो म्हणे. तसं काही नसतं, छोट्या टाकीत मासा खुरटतो, कण्याला बाक येतो आणि मरतो, ह्याला टाकी बघून वाढणं म्हणत नाहीत. आणि हा गार तर उत्तर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला, तिथल्या गोड्या पाण्यातल्या सगळ्यात मोठ्या माशांपैकी एक. २०११ साली मिसिसिपी राज्यात एका कोळ्याच्या जाळ्यात सापडलेला गार १४८ किलोचा होता, लांबी साडेआठ फुटांच्या आसपास. बोटभर दिसणारा पहिल्याच वर्षात फुटाच्या वर जातो. आणि पन्नास वर्षं जगतो, त्याच्याही पुढे जातो. म्हणजे सहावीतल्या मुलाला घेऊन दिला तर तो पोरगा रिटायर व्हायला येईल तरी मासा घरात. हे कोणी सांगतं का विकताना? जे पोरगं गोल्डफिशबरोबर फायटर देत नाही, तेच पोरगं हा मासा दोन फुटी टाकीसाठी बांधून द्यायला तयार होतं, कारण त्याला तसं शिकवलंय.

म्हणून मी परत विचारलं, बरं समजा मोठा झाला, टाकीत मावेना, तर तुम्ही परत घेता का. आणि ह्या प्रश्नाला काका हसून जे म्हणाले ना, त्या एका वाक्याचे हे दोन स्टार आहेत.

"परत कशाला ताई? कृष्णामाई हाय की. घाटावर न्यायचा, सोडून द्यायचा, जिवाला जीवदान दिल्याचं पुण्य लागतंय."

माणूस वाईट नाही हो. मनापासून म्हणाले. आपण सगळेच घाटावर माशांना चिरमुरे टाकतो, कणकेच्या गोळ्या टाकतो, मासा पाण्यात सोडणं हे चांगलंच काम वाटतं आपल्याला. पण ज्या नदीत सोडायचा म्हणतायत तिथे काय होतं हे एकदा बघायला पाहिजे.

सोडलेला मासा मरतो असं बऱ्याच जणांना वाटतं. गप्पी, गोल्डफिश काही मरतातही, कुणाच्या तरी पोटात जातात. गार मरत नाही. त्याच्या अंगावरचे खवले आपल्या रोहू-कटल्याचे असतात तसे पातळ नसतात, हाडासारखे कडक चौकटी तुकडे एकमेकांत बसलेले असतात, तिकडे जुन्या काळी आदिवासी लोक त्याचे बाणाचे टोक करायचे. एकदा मोठा झाला की त्याला खाणार कोण. त्याच्या देशात मगरीच्या जातीतलं अ‍ॅलिगेटर खातं. आपल्याकडे औदुंबर भिलवडीच्या पट्ट्यात खऱ्या मगरी आहेत त्यांच्या तावडीत सापडला तर गोष्ट वेगळी, पण मगरींच्या भरवशावर नदी सोडायची का आता.

दुसरी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त खटकते. आपल्या नदीचं उन्हाळ्यात काय होतं हे सांगलीकरांना सांगायला नको. पाणी कमी, बंधाऱ्यामागे साचलेलं, त्यात कुठून तरी मळीचं पाणी येतं, शहराचं सांडपाणी तर रोजचंच, आणि मग एका सकाळी मेलेले मासे काठाला लागतात, पेपरात फोटो येतो. हे मासे विषापेक्षा जास्त करून श्वास कोंडून मरतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो म्हणून. गारला त्याचं काही वाटत नाही, कारण तो पाण्यावर तोंड काढून हवा आत घेऊ शकतो, त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुफ्फुसाचं काम करते. म्हणजे ज्या पाण्यात खवलीचा आणि शिंगाळ्याचा जीव जातो तिथे हा आरामात असणार आणि समोर अर्धमेले मासे आयते. आपण नदी जेवढी खराब करतोय तेवढी ती अशांच्या सोयीची करतोय.

हे फक्त गारचं नाही. ज्याला आपण विदेशी मांगूर म्हणतो, आफ्रिकेतला, तो पण हवेवर जगतो, ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो, आणि मिळेल ते खातो, मासे, बेडूक, किडे, सडकं मांस सगळं. नव्वदच्या दशकात तो बांगलादेशमार्गे चोरून भारतात आला, २००० साली केंद्राने त्यावर बंदी घातली, २०१९ मध्ये हरित लवादाने परत सांगितलं की आहेत ते साठे नष्ट करा, तरी शेततळ्यांत कोंबडीची घाण टाकून वाढवतातच, इंदापूरकडे कितीतरी धाडी पडल्या. आपला देशी मांगूर पाव-अर्ध्या किलोचा मासा, हा किलोकिलोने वाढतो, म्हणून धंद्याला बरा. पण एकदा तळं फुटलं, ओढ्याला पाणी आलं की गेला नदीत, मग बंदीचा कागद कुणाला दाखवणार.

आणि आता ती गल्लीची गोष्ट. पूर. २००५, २०१९, २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४५ फुटाला धोक्याची पातळी आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ज्या गल्लीत हे दुकान आहे तिथे माणसं पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरत होती. त्या वेळी खालच्या टाक्यांतल्या माशांचं काय झालं असेल? कुणी घाटावर जायची पण गरज नाही, नदीच आत येऊन घेऊन जाते. हे काही माझ्या मनचं नाही, केरळात २०१८ च्या महापुरानंतर चालकुडी नदीत अरापाइमा सापडला, दक्षिण अमेरिकेतला अवाढव्य मासा, लोकांनी हौसेने तळ्यात पाळलेला, पुराने नदीत नेला. २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात गार सापडला आणि त्याच वर्षी काश्मीरच्या दाल सरोवरात पण. मिसिसिपी कुठे, दाल कुठे. पोहत नाही आला तो. कुणाच्या तरी बैठकीतल्या टाकीतून आला.

(पुरावरून आठवलं. गार अंडी कुठे घालतो माहितीये का? नदीला पूर येऊन आजूबाजूच्या गवतात, झुडपात कोमट पाणी उभं राहतं तिथे. आता आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उसात आणि गवतात पाणी उभं असतं ते आठवा आणि अंगावर काटा आला तर मला सांगू नका. अजून एक, त्याची अंडी माणसाला विषारी असतात. आपल्याकडे गाभोळी म्हटलं की जीव टाकणारी माणसं आहेत, माझे सासरे त्यात पहिले. असला मासा कुणाच्या जाळ्यात आला आणि नवलाईने घरी नेऊन चिरला तर?)

मी हे सगळं काकांना एवढं पाठ म्हणून दाखवलं नाही अर्थात. थोडंफार बोलले. त्यावर त्यांनी एक मुद्दा काढला आणि तो मुद्दा खरंच बरोबर वाटेल असा होता. म्हणाले, ताई आपला शिवडा काय शाकाहारी आहे का? मरळ काय गवत खाते? वाम काय खाते? मग ह्या एका परदेशी माशानेच काय घोडं मारलंय.

मी घरी येऊन ह्यावर बराच विचार केला कारण उत्तर पटकन सुचलं नव्हतं. शिवडा मासे खातो, खरंय, चांगला पाच-दहा किलोचा होतो, मोठं तोंड. पण शिवडा आणि खवली, शिवडा आणि मळ्या, हे एकमेकांबरोबर लाखो वर्षं राहिलेत. कोण कुठून येतो, कुठे लपायचं, कधी थव्याने फिरायचं हे त्या छोट्या माशांच्या रक्तात आहे. आणि शिवडा पण पावसाळ्यावर अवलंबून, वर्षातून एकदा वीण, त्याची पिल्लं पण दुसरे खातात, माणूस पण पकडतो, त्यामुळे ते आपोआप जमून जातं. बाहेरून आलेल्याचं तसं नाही. त्याची शिकार करायची पद्धत इथल्या माशाने कधी बघितलेलीच नसते, आणि त्याच्यावर लगाम ठेवणारा कोणी तो बरोबर घेऊन आलेला नसतो. आणि गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावात गार हा गुणी मासा आहे, तिथे तो कमी झाला म्हणून काही राज्यं उलट पिल्लं सोडतायत नदीत. मासा तोच.

हे उलटं पण होतं. आपल्या मरळीची एक चुलतबहीण आहे चीनमधली, ती २००२ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या एका तळ्यात सापडली, कुणीतरी पाळायला नाहीतर खायला आणून सोडलेली, तर त्यांनी अख्ख्या तळ्यात विष टाकून सगळे मासे मारले पण ती पसरू नये म्हणून. तरी पुढे पोटोमॅक नदीत ती झालीच. आपण मरळ म्हटलं की रस्सा आठवतो आणि तिकडे सरकार दिसली की मारा म्हणून सांगतं. आणि फ्लोरिडात आशियातला चालणारा मांगूर साठच्या दशकात शोभेच्या माशांच्या धंद्यातूनच सुटलाय. म्हणजे परदेशी वाईट आणि देशी चांगलं असलं काही मी म्हणत नाहीये.

सगळ्यात वाईट उदाहरण आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचं. इंग्रजांच्या काळात, १९५० च्या दशकात, तिथे नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला, उत्पन्न वाढावं म्हणून. सुरुवातीची बरीच वर्षं काही विशेष झालं नाही, सगळे म्हणाले बघा काही होत नाही. मग ऐंशीच्या दशकात तो एकदम वाढला आणि त्या सरोवरात जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या छोट्या रंगीत माशांच्या शेकडो जाती होत्या त्यातल्या दोनशेच्या आसपास गेल्या असं मानतात. एवढ्यावर थांबलं नाही. आधीचे छोटे मासे बायका उन्हात वाळवायच्या, फुकटात काम व्हायचं. पर्च तेलकट, उन्हात वाळत नाही, धुरी द्यावी लागते, धुरीला लाकूड लागतं, मग काठची झाडं तुटली, झाडं तुटल्यावर माती पाण्यात आली, पाणी गढूळ झालं. आणि पर्चची निर्यात होऊन डॉलर आले ते मोठ्या कारखानदारांना, काठच्या बाईला पूर्वीचा स्वस्त मासा गेला तो गेलाच. ह्यातली "सुरुवातीची बरीच वर्षं काही झालं नाही" ही ओळ मला काकांच्या दुकानात फ्रेम करून लावावीशी वाटते.

आपल्याकडे हे होऊन गेलंय खरं तर, फक्त शिकारी नाही म्हणून लक्षात येत नाही. हरिपूरला संगमावर गेलात आणि कुणी जाळं काढत असेल तर थांबून बघा. मी एका भोई मामांशी बोलले, साठीच्या पुढचे, त्यांच्या टोपल्यात निम्म्याच्या वर चिलापी (तिलापिया) होती. राखाडी, उंच पाठीची, काट्यांचा पंख उभारलेली. बाकी दोन शिंगाळे, एक वाम, आणि तळाला बोटाएवढ्या चार-दोन खवल्या. मामा म्हणाले, "आमच्या लहानपणी चिलापी घावायची, पर अशी न्हाई. आता जाळं टाकलं की हीच. बाकीचं शोधावं लागतंय." चिलापी पण आफ्रिकेतलीच, १९५२ साली भारतात आणली. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते त्यामुळे पिल्लं जगतात, वर्षातून अनेकदा वीण होते, पाऊस असो नसो, आणि दुसऱ्यांची अंडी-पिल्लं दिसली की खाते. आमच्या नदीतल्या बहुतेक माशांचं अख्खं वर्षाचं गणित एका पावसाळ्यावर, तर ती कशी मागे राहणार. मामांना गारचा मोबाईलवर फोटो दाखवला. बघितला, परत बघितला, आणि विचारलं, "ह्यो जाळं फाडत आसंल की." मासे खाईल, नदी बिघडेल वगैरे नाही, पहिला प्रश्न जाळ्याचा. बरोबर आहे, एक जाळं किती हजाराला पडतं हे त्यांनाच माहिती.

आता न्यायाचं बोलायचं तर दुकानाबद्दल पुढचं पण सांगते, नाहीतर एकांगी होईल. नंतर फिल्टरचा स्पंज आणायला गेले तेव्हा गल्ल्यावर काकू होत्या. त्यांना मी शांतपणे म्हटलं की काकू तुम्ही एक पाटी लावा, मोठे झालेले मासे परत घेतले जातील, अर्धे पैसे नका देऊ, काहीच नका देऊ, फक्त घ्या. आणि खालच्या टाक्यांत मॉन्स्टर ठेवू नका, पावसाळ्याच्या आधी त्या टाक्या माडीवर न्या. काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या परत आलेले ठेवायचे कुठे, आमच्याकडे तरी आठ फुटी टाकी कुठाय. हा प्रश्न रास्तच आहे आणि तोच प्रश्न विकताना पडायला पाहिजे होता ना. जो मासा तुम्हाला सुद्धा परत ठेवता येत नाही तो दोन बीएचकेवाल्याला विकायचा कसा? काकू गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या ह्यांना सांगते. मध्ये कुणीतरी सांगितलं की आता गार ऑर्डरवरच आणतात, समोर ठेवत नाहीत. म्हणजे नक्की सुधारणा झाली का नुसतं आड ठेवलं, मला कळलेलं नाही, म्हणून स्टार तसेच ठेवलेत. पाटी दिसली की त्याच दिवशी चार करीन.

'शार्क' बद्दल पण दोन शब्द, कारण लहान मुलं हमखास तोच मागतात. तो शार्क-बिर्क काही नाही, पंगस आहे, हॉटेलात बासा म्हणून फिलेट मिळतं तोच. टाकीत तीन इंची चमचमीत दिसतो, मोठा झाला की तीन-चार फूट. आणि काच चाटणारा काळा सकर, 'टाकी साफ ठेवतो' म्हणून फुकट सुद्धा देतात. तो शिकारी नाही पण सोडला तर काठ पोखरून बिळं करतो, आणि जाळ्यात अडकला की काट्यांमुळे निघता निघत नाही, आंध्रात खाली कृष्णेत त्याचा त्रास भरपूर झालाय. हे दोन्ही नका घेऊ.

मग घ्यायचं काय? आम्ही झेब्रा घेतले, निळ्या आडव्या पट्ट्यांचे, दिवसभर पळापळ करतात, मूळचे भारतातलेच आहेत आणि दीड-दोन इंचाच्या वर जात नाहीत. सोबत थोड्या मोली. मुलाची मगर हुकली म्हणून रुसवा होता पण झेब्र्यांनी एका सकाळी झाडाच्या मुळाशी अंडी टाकली तेव्हा गेला. आणि हो, झेब्रा देशी आहे म्हणून तो पण घाटावर नेऊन सोडायचा नाही, दुकानातले मासे कुठल्या फार्ममध्ये काय काय रोग घेऊन वाढलेले असतात देव जाणे. नको झाला तर दुसऱ्या टाकीवाल्याला द्या, शाळेच्या टाकीत द्या. गार आधीच घरात असेल आणि झेपत नसेल तरी नदी, तलाव, विहीर, गणपतीचा कुंड यातलं काहीही नाही, मत्स्यव्यवसाय विभागाला फोन करून विचारा, मोठी टाकी असलेला हौशी शोधा.

बाकी जायचं असेल तर संध्याकाळी सातच्या आत जा, नंतर कॉलेजच्या पोरांची रील काढायला गर्दी असते मागच्या टाक्यांपाशी आणि ते पोरगं मोकळं सापडत नाही. त्यालाच विचारा, काकांना नको. गाडी लावायला जागा नाही, चारचाकी तर विसराच, रिक्षाने जा किंवा दुचाकीवर दोघं जा म्हणजे मागचा पिशवी धरेल. यूपीआय चालतं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, टाकीचं तरी मागून घ्याच, काच बदलून देताना लागतं.